एमए झालं की लगेच स्वतःची संस्था काढावी का?

तिसरी_घंटा
कालच्या धाग्यात एकानं लिहिलं, "नाट्यशास्त्र, लोककला यांत एमए केलंय ना? मग कुणाच्या हाताखाली राबू नका. सात जण जमवा, संस्था नोंदवा आणि सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्यानं समाजकार्यावर खर्च करायचा, पैसा आणा." त्याखाली मुलांचे आभारही दिसले, म्हणून लिहिणं भाग आहे. सीएसआरचं काम घ्यायचं तर आयकर खात्याची 12ए आणि 80जी नोंदणी हवी, सरकारकडे सीएसआर-1 हा फॉर्म भरून नंबर हवा, शिवाय तशाच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव कागदावर हवा. आज नोंदवलेली संस्था ही अट पूर्ण करणार कशी? तोवर दरवर्षी ऑडिट करा, धर्मादाय कार्यालयात हिशेब द्या. विश्वस्त बदलला तर 90 दिवसांत बदल अर्ज. तो राहिला की परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, जुनीच नावं राहतात, बँक सह्या बदलून देत नाही आणि कलाकारांचं मानधन अडकतं. त्यापेक्षा कागद धड असलेल्या जुन्या संस्थेत 3 वर्षं काढा.

गावकूस
जुन्या संस्थेत पगार कुठे असतो? तारखा मिळवणं, पथकांना फोन, बिलं, फोटो, अहवाल सगळं एमए झालेल्या मुलीनं करायचं आणि हातात टेकवणार प्रवासखर्च. कारण ठरलेलं: "कंपनी प्रशासनावर 5 टक्केच देते." 5 टक्क्यांत माणूस बसत नाही हे मीही मान्य करते, मग स्वतःची संस्था काढली तर काय चुकलं?

ताळेबंद
ती 5 टक्क्यांची मर्यादा संस्थेवर नाहीच! कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाचा जो सर्वसाधारण प्रशासकीय खर्च, त्याला ती लागते. प्रकल्प आखणं, राबवणं, देखरेख, मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यातून वगळलाय. 2021 च्या सुधारित नियमांत हे स्पष्ट आहे. घोळ अंदाजपत्रकात होतो. समन्वयकाचा पगार "कार्यालयीन खर्च" या ओळीत घातला की तो कापला जाणारच. 6 महिन्यांच्या कार्यशाळा असतील तर "प्रकल्प समन्वयक, 9 महिने" अशी वेगळी ओळ करा: 2 महिने गावं आणि कलाकार ठरवायला, 6 कार्यशाळांचे, 1 हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्राचा (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला याचा दाखला). महिनावार काम समोर लिहा.

गावकूस
नियम तुम्हाला पाठ आहेत, पण समोरचा अधिकारी ओळ बघतो आणि कापतो. त्याच्याशी भांडायला विश्वस्त येत नाहीत, ती मुलगीच जाते.

ताळेबंद
भांडायला नका जाऊ, करारावर सही होण्याआधी ओळ मंजूर करून घ्या. सही झाल्यावर फेरफार मागितला तर कुणीच देणार नाही. परदेशी देणगीचं गणित मात्र वेगळं. तिथे प्रशासकीय खर्चाची 20 टक्क्यांची मर्यादा संस्थेलाच लागते, 2020 पासून. दोन्ही नियमांची सरमिसळ करूनच ही अफवा पसरलीय.

विंगेतून
5 आणि 20 काय घेऊन बसलात? अभ्यासक्रमात हिशेबाचा एक तास नसतो, खरं दुखणं ते आहे. 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी माफ. लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या प्रयोगासाठी कलाकाराचं दीड लाखापर्यंतचं मानधनही माफ. पण प्रायोजकाची जाहिरात करण्याच्या बदल्यात पैसे घेतले तर ती देणगी राहत नाही, 18 टक्के जीएसटी लागतो; नुसतं आभारापुरतं नाव लावलं तर नाही. दोन वर्षं सौंदर्यशास्त्र शिकलेल्यांना हे कुणीच सांगत नाही.

तिसरी_घंटा
मूळ प्रश्न संस्था काढण्याचा होता! पगाराच्या ओळीनं सगळा धागा खाल्ला.

गावकूस
पगार हाच मूळ प्रश्न आहे, दादा. 5 टक्क्यांचं माझं चुकलं, ठीक आहे. तीन वर्षांच्या अटीवरही तुमचं म्हणणं घेते. पण जुन्या संस्थेत जायचं तर आधी तीन वर्षांची जमाखर्चाची पत्रकं मागा आणि "पगार" या ओळीसमोर आकडा आहे का ते बघा. तिथे शून्य असेल तर पुढचं बोलूच नका.

तिसरी_घंटा
हे मान्य. त्या पत्रकांसोबत परिशिष्ट एकचा उताराही मागा.