शब्दचर्चा : ‘पार्श्वभूमी’ की ‘स्थळकाळ’, आणि ‘संघर्ष’ की ‘तिढा’?

प्रश्न (सांगली)

मी सांगलीत नववी-दहावीच्या मुलांचे एक वाचनमंडळ चालवते. या सुट्टीत मुलांनी स्वतः एक छोटी कादंबरी रचून पाहावी, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी केलेल्या टिपणात मी ‘सेटिंग’साठी ‘पार्श्वभूमी’ आणि ‘कॉन्फ्लिक्ट’साठी ‘संघर्ष’ हे शब्द योजले, आणि संघर्षाचे ‘माणूस विरुद्ध माणूस’, ‘माणूस विरुद्ध निसर्ग’, ‘माणूस विरुद्ध समाज’ आणि ‘माणूस विरुद्ध स्वतः’ असे चार प्रकार दिले.

मुलांनी जे लिहून आणले, ते पाहून मी विचारात पडले. ‘पार्श्वभूमी’च्या रकान्यात जवळजवळ सगळ्यांनी नायकाच्या घरची माहिती भरली होती : वडील काय करतात, शेती किती, भावंडे किती. गाव, ऋतू, काळ यांविषयी एक ओळही नव्हती. ‘संघर्ष’च्या रकान्यात बहुतेकांनी मारामारी किंवा मोर्चा लिहिला. एका मुलीने तो रकाना कोराच ठेवला, आणि विचारल्यावर म्हणाली, “बाई, माझ्या गोष्टीत संघर्ष नाहीच. घरात कोणी एकमेकांशी बोलत नाही, एवढंच आहे.” मुले हुशार आहेत, त्यामुळे चूक माझ्या शब्दांत असावी, असे मला वाटते. या दोन संज्ञांसाठी मराठीत अधिक नेमके शब्द कोणते आहेत, आणि ते चार प्रकार मराठीत कसे सांगावेत?

उत्तर (सातारा)

ताई, मुलांनी ‘पार्श्वभूमी’ हा शब्द अगदी बरोबर वाचला आहे. आजच्या मराठीत तो मुख्यतः दोन प्रकारे चालतो. ‘सणाच्या पार्श्वभूमीवर बंदोबस्त वाढवला’ या वाक्यात तो निमित्त सांगतो, आणि ‘त्याची कौटुंबिक पार्श्वभूमी बेताची आहे’ या वाक्यात माणसाची घरची हकीकत सांगतो. दुसरा अर्थ मुलांच्या कानावर रोज पडतो, म्हणून त्यांनी नायकाचे घर लिहिले. शब्दाच्या मुळाशी गेलो तरी अडचण सुटत नाही. ‘पार्श्व’ म्हणजे बगल, बाजू. हिंदीतल्या ‘पृष्ठभूमि’त पाठ आहे, आपल्या शब्दात कूस आहे, आणि दोन्हींत असे गृहीत धरलेले आहे की खरी गोष्ट दुसरीकडे कुठेतरी घडते आहे. पार्श्वसंगीत बारीक केले तरी संवाद ऐकू येतात. कादंबरीतले गाव असे बारीक करता येत असेल, तर लेखकाने ते अजून लिहिलेलेच नाही, असे मी म्हणेन.

दुसरे पर्यायही तपासून पाहू. ‘वातावरण’ हा चांगला शब्द आहे, पण तो मनावर होणारा परिणाम सांगतो, ठिकाण सांगत नाही. भीतीचे वातावरण कराडातही असते आणि कवठेमहांकाळातही. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीच्या माणसाला ‘नेपथ्य’ सहज सुचेल, परंतु नेपथ्य उभे करतात आणि प्रयोग संपल्यावर उतरवतात. ‘परिवेश’ समीक्षेत दिसतो. मात्र पंधरा वर्षांच्या मुलाला तो आधी समजावून सांगावा लागेल. मला यांपैकी ‘स्थळकाळ’ सर्वांत जवळचा वाटतो. ‘स्थलांतर’, ‘स्थलदर्शक’ अशा तत्सम समासांच्या धर्तीवर ‘स्थलकाल’ असेही लिहिता येते. मुलांसाठी ‘ळ’ असलेले रूप ओळखीचे आहे, म्हणून तेच ठेवावे.

तरीही ‘स्थळकाळ’ या शब्दात एक गोष्ट राहून जाते, आणि ती आपल्या भागातल्या बोलीने फार पूर्वीच नेमकी पकडलेली आहे. सातारा-सांगलीकडे आपण म्हणतो, ‘आमच्यात असं चालत नाही’, ‘आमच्यात पोरींना लांब शिकायला धाडत नाहीत’. हे ‘आमच्यात’ म्हणजे घर, भावकी, जात, वाडी आणि तिथली रीत हे सगळे एका शब्दात आहे. कुमारवयीन नायकाचे खरे ठिकाण हेच असते, कारण त्या वयात घर सोडून जाण्याची मुभा नसते आणि घरातला शब्द मोडण्याची ताकद नुकतीच येऊ लागलेली असते. प्रौढ नायक न पटणारे गाव सोडून पुण्याला जाऊ शकतो. चौदा वर्षांच्या मुलीला त्याच घरात, त्याच अंगणात, त्याच माणसांच्या नजरेसमोर आपली वाट काढावी लागते. म्हणून टिपणात मथळा ‘स्थळकाळ’ ठेवून त्याखाली तीन प्रश्न विचारावेत, असे मी सुचवतो : कुठे, केव्हा आणि कुणाच्यात?

मुलांनी स्थळकाळ खरोखर लिहिला आहे की नुसते गावाचे नाव दिले आहे, हे ओळखण्यासाठी एक रीत सांगतो. रोप एका वाफ्यातून उपटून दुसऱ्या वाफ्यात लावावे, तशी गोष्ट उचलून दुसऱ्या तालुक्यात लावून पाहावी. समजा, गोष्ट ऑगस्ट २०१९ मधल्या सांगलीची आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. गावठाणातला एक मुलगा आजोबांना घर सोडायला सांगतो आणि आजोबा म्हणतात, ‘२००५ ला पाणी पायरीपर्यंत येऊन परत गेलं होतं.’ ही गोष्ट साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात न्या. तिथे त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात माणसे जनावरे घेऊन चारा छावणीत राहत होती. आजोबांचा हट्ट तिथेही असेल, पण त्याचे कारण बदलेल. पाण्याऐवजी बैलजोडी विकायची की ठेवायची, यावर तो अडेल. कारण बदलले म्हणजे गोष्ट बदलली, आणि मग पहिल्या गोष्टीत स्थळकाळ जिवंत होता, असे समजावे. उपटून लावल्यावर जिचे पानही हलले नाही, त्या गोष्टीत गाव नुसते नावापुरते होते.

आता ‘संघर्ष’. या शब्दाच्या मुळाशी ‘घृष्’ म्हणजे घासणे हा धातू आहे. ‘घर्षण’ही त्यातूनच आले. मूळ अर्थ फार सुंदर आहे, कारण घासण्याला वेळ लागतो आणि त्यातून हळूहळू उष्णता निर्माण होते, आणि चांगल्या कादंबरीत नेमके हेच घडते. पण संघर्ष समिती, संघर्ष यात्रा, पेटलेला संघर्ष अशा वापरामुळे आजच्या मुलाला या शब्दात घासणे ऐकू येत नाही, घोषणा ऐकू येते. म्हणूनच त्यांनी मोर्चे लिहिले.

आपल्या त्या विद्यार्थिनीला माझा निरोप सांगावा की तिने रकाना कोरा ठेवायला नको होता. ज्या घरात कोणी एकमेकांशी बोलत नाही, त्या घरातल्या गोष्टीला मराठीत फार जुना आणि नेमका शब्द आहे : ‘अबोला’. अबोला धरतात, धरलेला अबोला सोडायला कोणीतरी पुढे यावे लागते, आणि पुढे कोणी यायचे यावरूनच तो वाढत जातो. एका पूर्ण कादंबरीला पुरेल एवढे बळ या एका शब्दात आहे.

यावरूनच माझे मुख्य म्हणणे मांडतो. एका सर्वसाधारण शब्दाखाली चार प्रकार पाडण्यापेक्षा, मराठीत जे वेगवेगळे शब्द आधीपासून आहेत, तेच प्रकार समजावेत. दोन माणसांमध्ये अढी असते, आकस असतो, चुरस असते. बांधावरून भाऊबंदकी होते. घरच्या रीतीपुढे बोलता येत नाही तेव्हा कुचंबणा होते, आणि सगळीकडून बंद झाले की कोंडमारा. दोन्ही बाजूंची माणसे आपलीच असली की ओढाताण. मनातल्या मनात होते ती घालमेल. या प्रत्येक शब्दात कोण कोणाशी, किती काळ आणि कशा प्रकारे झगडते आहे, हे आपोआप आलेले आहे. मथळ्यासाठी एकच शब्द हवा असेल, तर मी ‘तिढा’ घेईन. दोरीला तिढा पडतो तेव्हा दोर तुटलेला नसतो, दोन्ही टोके शाबूत असतात, पण ओढावे तितका तो घट्ट होतो. ‘पेच’ही चालला असता, आणि कुस्तीच्या या मुलखात तो सर्वांना कळेल, परंतु पेच कोणीतरी मुद्दाम टाकतो, तिढा पुष्कळदा कोणाच्याही मनात नसताना पडतो.

‘विरुद्ध’ हा शब्द मात्र टिपणातून काढून टाकावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तो कोर्टातल्या दाव्याच्या नावासारखा वाचला जातो, आणि ‘माणूस विरुद्ध निसर्ग’ हे तर आपल्याकडे लागूच पडत नाही. सांगलीकर नदीला कृष्णामाई म्हणतो. पाणी चढले की तिची ओटी भरतो, आणि तेच पाणी घरात शिरले की गाळ उपसताना रडतो. या नात्यात माणूस नदीच्या विरुद्ध उभा नाही, तो तिच्या कुशीत राहतो आणि तिला भितोही. पाटण तालुक्याचा दाखला याहून अवघड आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, आणि त्याचा धरणाच्या जलाशयाशी असलेला संबंध भूशास्त्रज्ञ तेव्हापासून अभ्यासत आले आहेत. त्या पहाटेवर एखाद्या मुलाने कादंबरी लिहिली, तर ती निसर्गाच्या रकान्यात टाकायची की माणसाच्या?

मनातल्या द्विधेसाठी ‘द्वंद्व’ हा शब्द जरूर ठेवावा, कारण दहावीच्या मुलांना द्वंद्व समास माहीत असतो. ‘आईवडील’ या समासात दोन्ही पदे सोबत आहेत, आणि ‘खरेखोटे’, ‘बरेवाईट’ या वैकल्पिक द्वंद्वात दोहोंपैकी एक निवडायचे आहे. नायकाच्या मनातली दोन पदे पहिल्या प्रकारची आहेत की दुसऱ्या, असा प्रश्न विचारला की मुले व्याकरणातून थेट कादंबरीत येतात.

पुरवणी (पलूस)

सरांच्या उत्तरात दोन गोष्टींची भर घालावीशी वाटते.

पहिली ‘समाज’ या शब्दाविषयी आहे. चार प्रकारांमध्ये ‘समाज’ म्हणताना आपण भावकी, गाव आणि राज्यसत्ता या तिन्ही गोष्टी एकत्र करतो, आणि त्यामुळे मोठा घोटाळा होतो. आमच्या कुंडल भागात प्रतिसरकारच्या काळात, म्हणजे १९४३ नंतरच्या तीन वर्षांत, निरोप पोचवणाऱ्या एखाद्या मुलाची कल्पना करा. त्याचा समाज त्याच्या पाठीशी आहे, त्याला भाकरी देतो, लपवतो. झगडा सत्तेशी आहे. मात्र घरी आईला वाटते की थोरला गेला तो गेला, धाकट्याने तरी यात पडू नये. त्याचा खरा तिढा या आईपाशी आहे, आणि ‘माणूस विरुद्ध समाज’ या रकान्यात त्याला जागाच नाही. स्थळकाळाच्या बाबतीत हेही लक्षात ठेवावे की त्या मुलाने पत्रावर आपला जिल्हा ‘सातारा’ असाच लिहिला असता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला, आणि त्याचे नाव सांगली पडले ते १९६० साली. ‘कुठे’चे उत्तर ‘केव्हा’वर असे अवलंबून असते.

दुसरी गोष्ट उसाच्या फडातली आहे. हंगामात आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या बोलीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, आणि एकटे माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची आहे, आई आजारी आहे, आणि दहावीतल्या मुलीने आईच्या जागी उभे राहावे, असे ठरते. आता तिला कोणी ‘अर्धा कोयता’ म्हटले, तर त्या दोन शब्दांत कोपी (टोळीची तात्पुरती झोपडी), फड, हंगाम, कर्ज आणि तिची बुडालेली शाळा हे सर्व येते. इथे स्थळकाळ आणि तिढा असे दोन रकाने करणेच मला कठीण वाटते, आणि आपण मुलांना ते एकाच पानावर शेजारी-शेजारी लिहायला सांगावे, अशी माझी सूचना आहे.

जाता जाता ‘कुमार’ या शब्दाविषयीही सांगतो. संस्कृतातल्या एका जुन्या विभागणीत पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि त्यापुढे यौवन मानले आहे. मराठीत मात्र पौगंडावस्था आपण वयात येण्याच्या काळाला म्हणतो, आणि कुमारसाहित्य बारा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी असते. जुन्या अर्थावर अडून न बसता ‘कुमार कादंबरी’ हेच रूढ नाव ठेवावे.

पुन्हा प्रश्नकर्तीकडून (सांगली)

सर आणि पलूसचे दादा, आपणा दोघांची मी मनापासून ऋणी आहे. टिपण नव्याने लिहिले. ‘विरुद्ध’ काढले, चार प्रकारही वगळले, आणि एका पानावर ‘कुठे, केव्हा, कुणाच्यात’ आणि त्याला लागूनच ‘तिढा’ एवढेच ठेवले. एका मुलाने मोर्चा तसाच ठेवला, पण मोर्चात त्याचा चुलता समोरच्या बाजूला आहे असे केले, आणि ही ‘ओढाताण’ आहे की ‘कोंडी’, यावर मुलांनी बराच वेळ वाद घातला. मला स्वतःला ‘ओढाताण’ योग्य वाटते, कारण त्याला दोन्ही बाजूंना जायची वाट मोकळी आहे. कोंडीत वाटच नसते.

कोरा रकाना ठेवणाऱ्या मुलीला ‘अबोला’ हा शब्द सांगितला. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने पान भरून आणले. तिचे पान तिच्या परवानगीने इथे उतरवते.

‘कुठे : आजीची माडी. केव्हा : २०१९, पाणी उतरेपर्यंत. कुणाच्यात : दोन चुली झालेल्या एका घरात. तिढा : खालची दोन्ही स्वयंपाकघरं पाण्यात गेल्यात. वर शेगडी एकच आहे आणि ती काकूची आहे. पीठ आमच्याकडं आहे. आधी कुणी मागायचं?’