जुन्या ऑक्टाव्हिया आरएसला टर्बो कुठला? मी म्हणतो मोठाच

म्हापशेकर_आरएस
2005 ची ऑक्टाव्हिया आरएस आहे माझ्याकडे, 1.8 टर्बो, वीस व्हॉल्व्हवाली, कागदावर 150 पीएस आणि 210 एनएम. मूळचा के03 टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आता गेलाय. एअर पाइप काढून शाफ्टचं टोक चिमटीत धरून हलवलं तर थोडा प्ले असणारच हे मला माहितीय, पण इथे पाती हाऊसिंगला घासून आत चकचकीत रेघ पडलीय. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर, आणि शेजारच्या काकी दोरीवरचे कपडे उचलत माझ्याकडे बघतात ते वेगळंच. तर खर्च सुटत नाही. वापर म्हणाल तर रोज म्हापसा ते वेर्णा कामाला, रविवारी पहाटे चोर्ला घाट, आणि वर्षातून दोनदा कोईमतूरला कारीच्या ट्रॅकवर, कारण गोव्यात ट्रॅक नाही, आहे तो फक्त झुआरी पुलावर रात्री अकराला ज्यांना वाटतो त्यांच्या डोक्यात.
पर्याय तीन. के03 तसाच बनवून घेणे, किंवा त्याच जागेवर बोल्ट होणारा के04 नाहीतर हायब्रिड (के03 च्याच घरात हवेचं चाक मोठं), किंवा गॅरेटचा जीटी2860आरएस, ज्याला पोरं डिस्को पोटॅटो म्हणतात. मी मोठ्याकडे झुकलोय. 220-230 च्या आसपास मिळाले की पुरे, पण उद्या अजून हवे झाले तर परत खोलाखोली नको. कोणाला पटत नसेल तर सांगा, पण कारण द्या, नुसतं “लॅग येईल रे”, म्हणजे टर्बो उशिरा भरेल, एवढंच नको.

चोर्ला_थर्डगिअर
लॅग येईल रे 😄
बरं कारण देतो. पोटॅटो तुझ्या 1.8 वर पूर्ण बूस्टला, म्हणजे हवेच्या पूर्ण दाबाला, यायला साधारण चार हजार आरपीएम धरून चाल, मूळचा के03 अडीच हजाराच्या आतच भरतो. आता चोर्ल्याची वळणं आठव, केरीतून वर चढताना, सेकंडमध्ये वळणात शिरलास तेव्हा आरपीएम किती असतो तुझा? तीन, सव्वातीन? म्हणजे वळणातून बाहेर येताना पाय दाबलास तर आधी काहीच नाही, मग एक दोन तीन, आणि मग सगळं एकदम, तेही पुढच्या दोनच चाकांवर, साध्या डिफरन्शियलला. आतलं चाक नुसतं फिरणार, स्टिअरिंग हातातून ओढलं जाणार. जुलैत तिथे शेवाळ असतं कडेला, धुकं असतं, आणि समोरून बेळगावहून भाजीचा टेम्पो. कारीची गोष्ट तीच, 2.1 किलोमीटरचा लहान ट्रॅक, ब्रेक-वळण-ब्रेक-वळण. मोठा टर्बो श्वास घेईपर्यंत पुढचं वळण आलेलं असतं. बुद्ध सर्किटला किलोमीटरभर लांब सरळ रस्ता आहे तिथे मजा येईल, पण तू तिथे वर्षातून दोनदा जाणारेस का म्हापशाहून?

बूस्टबाबा_फोंडा
हे अर्धंच चित्र आहे. लॅग सगळ्यांना दिसतो कारण तो पार्श्वभागाला जाणवतो, उष्णता जाणवत नाही म्हणून तिचा विचार कोणी करत नाही.
गोव्याचा मे महिना घे, 33 डिग्री. हवा 1 बार बूस्टला दाबली म्हणजे प्रेशर रेशो 2. कॉम्प्रेसर, म्हणजे टर्बोची हवा दाबणारी बाजू, अगदी आदर्श असता तरी ती हवा 100 डिग्रीला पोचली असती. प्रत्यक्षात 70 टक्के कार्यक्षमतेने चालणारा कॉम्प्रेसर ती 130 च्या जवळ नेतो, आणि छोटासा टर्बो वरच्या आरपीएमला पिळून काढलास, 60 टक्क्यांवर आणलास, तर 145. हा आकडा हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या आधीचा आहे, आणि तुझा मूळचा इंटरकूलर पुढच्या चाकाच्या कोपऱ्यात बसलेला, वीतभर, त्याला वारा लागतो कुठे? वर दमटपणा. आपल्याकडे उकाडा असतो तेव्हा हवेत तीनेक टक्के जागा वाफेनेच अडवलेली असते, म्हणजे ऑक्सिजन तेवढा कमीच. चार लॅपनंतर नॉकिंगमुळे, म्हणजे उष्णतेने पेट्रोल आपोआप पेटल्यामुळे, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो आणि गाडी मेल्यासारखी चालते. मग लोक म्हणतात क्लच गेला, पेट्रोल खराब. अरे टर्बो लहान आहे!
आणि दुसरं. या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड बारीक आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. रॉड वाकतात ते हॉर्सपॉवरने नाही, खालच्या आरपीएमला धाडकन येणाऱ्या टॉर्कने. लहान टर्बो बूस्ट वाढवून चालवलास तर अठ्ठावीसशेलाच सगळा टॉर्क एकदम. मोठा तोच टॉर्क उशिरा आणि सावकाश देतो. म्हणजे तू ज्याला दोष म्हणतोयस, तोच रॉड वाचवतो.

म्हापशेकर_आरएस
👆 हेच. रॉडचा मुद्दा मला कोणी सांगितलाच नव्हता.

सावंतवाडी_स्पॅनर
थांब जरा पात्रांव, इतक्यात नाचू नकोस. मी हे काम हाताने करतो म्हणून सांगतो.
पोटॅटो म्हणजे नुसता टर्बो नव्हे. त्याची फ्लँज (जोडाची कडा) टी25, तुझा मॅनिफोल्ड तिला बसत नाही. म्हणजे मॅनिफोल्ड, डाउनपाइप, ऑइल आणि पाण्याच्या लाइनी नव्या, इंजेक्टर मोठे, फ्युएल पंप, क्लच, आणि वर मॅप, म्हणजे ईसीयूची नवी सेटिंग. टर्बो घेतलास तो एकूण खर्चाचा अर्धाही नसतो. आणि के04 म्हटलं की सगळे एकच समजतात, ते पण चूक. एक के04 तुझ्या मॅनिफोल्डवर सरळ बसतो पण फरक माफक पडतो, दुसरा जो ऑडी एस3 आणि टीटीच्या 225 वाल्यात येतो त्याला मॅनिफोल्डच वेगळा लागतो. विक्रेता फोनवर “बसतो साहेब” म्हणेल, फोटो मागव.
आता माझी फजिती. माझ्या स्वतःच्या गाडीला मी स्वस्तातला कॉपी टर्बो लावला होता, एका दुकानदाराने बॅलन्स केलेला म्हणून दिला, नाव घेत नाही. चार हजार किलोमीटर सुद्धा नाही झाले. आंबोली उतरताना शिट्टीचा आवाज बदलला, बारीक किर्रर्र, सायकलच्या डायनमोसारखा. मी म्हटलं पाइप लीक असेल, घरी जाऊन बघू. घरी पोचलोच नाही. कॉम्प्रेसरचं एक पातं तुटून आत गेलं, इंटरकूलर उलटा करून झटकला तर चांदीच्या वर्खासारखा चुरा पडला. हा शाफ्ट मिनिटाला दोन लाखाच्या घरात फिरतो, त्यात एक पातं कमी म्हणजे काय ते समज. तेव्हापासून माझा नियम एकच, मोठा की लहान नंतर, आधी असली.

पर्वरी_फाइल
कोणी विचारलं नाही तरी सांगते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारा बदल चालत नाही, आणि 2019 ला सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलंय. 2005 ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं होऊन आरसी रिन्यू झालेली, दर पाच वर्षांनी परत तपासणीला उभी राहणार. आणि क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने बॉनेट उघडून भलामोठा टर्बो बघितला तर? के03 च्या जागचा हायब्रिड निदान दिसायला मूळचा दिसतो, एवढंच म्हणते, सल्ला म्हणून नाही.

बूस्टबाबा_फोंडा
दिसायला मूळचा, म्हणजे ताई कायदा मोडा पण हळूच 😂

पर्वरी_फाइल
मी “सल्ला म्हणून नाही” असं लिहिलंय. वाचा.

मडगाव_लेटब्रेकर
मी कारीला गेलेय, पोलो 1.0 टीएसआय घेऊन, पूर्ण स्टॉक, 110 पीएस, फक्त ब्रेक फ्लुइड आणि पॅड बदललेले. माझ्यासोबत दोन मॉडिफाय केलेल्या गाड्या होत्या, त्यातली एक सहाव्या लॅपला पिटमध्ये, पेडल जमिनीला टेकत होतं. दुसऱ्याचा होजचा क्लॅम्प निसटला आणि तो उरलेला दिवस स्क्रूड्रायव्हर मागत फिरला. संध्याकाळपर्यंत सगळ्यात जास्त लॅप माझे. म्हापशेकर, तुझ्या ब्रेकचं काय हे या अख्ख्या चर्चेत एकदाही आलेलं नाही.

बूस्टबाबा_फोंडा
हा असा युक्तिवाद असेल तर सगळ्यांनी मारुती 800 घेऊन जावं, तिचे ब्रेक तापतच नाहीत. त्याने टर्बो विचारलाय, टर्बो फुटलाय त्याचा.

मडगाव_लेटब्रेकर
बरोबर, त्याने टर्बो विचारलाय. पण पैसे एकाच खिशातून जातात ना.

चोर्ला_थर्डगिअर
बाबाच्या उष्णतेच्या गणिताला माझा विरोध नाही, गणित बरोबरच आहे. पण मग पुढचं गणित पण कर की. 1.8 लिटर, साडेसहा हजार आरपीएम, 1 बार बूस्ट, इंटरकूलरनंतर हवा 50 डिग्री, सिलिंडर नव्वद टक्के भरतात असं धरलं तर इंजिनाला मिनिटाला साधारण 11 किलो हवा लागते. पौंडात 25. पौंडाला दहा हॉर्सपॉवर हा ढोबळ हिशोब, म्हणजे अडीचशेच्या जवळपास. म्हापशेकरला हवेत किती? 220-230. पोटॅटो आरामात 35 च्या पुढे पौंड देतो. म्हणजे दोघांच्या संसाराला तू लग्नाच्या पंगतीचं पातेलं घेतोयस. चांगल्या हायब्रिडला 23-24 पौंड जमतात, तेही पिळून न काढता. आणि उष्णतेचा उपाय टर्बो नाहीच, उपाय समोर बंपरमागे मोठा इंटरकूलर लावणे, तो तसाही कुठल्याही टर्बोला लागणारच आहे.
रॉडचं म्हणशील तर तो मॅपचा प्रश्न आहे. ट्यूनरला सांग, तीन हजाराच्या आत बूस्ट हळू चढव. बूस्ट आवरणारा वेस्टगेट कोणाच्या बापाचा नाही.

बूस्टबाबा_फोंडा
23-24 पौंड “पिळून न काढता” हे हायब्रिड बनवणाऱ्याच्या जाहिरातीतलं वाक्य आहे. टर्बाइन तेवढंच राहतं ना आत? पुढचं चाक मोठं केलं, मागचं एक्झॉस्टचं घर तेवढंच. वर गेलं की एक्झॉस्टचा धूर कोंडतो, बॅकप्रेशर वाढतं, साडेपाच हजारानंतर गाडी बसते. के03 हायब्रिड चालवून बघितलेत मी दोन, पाच हजारापर्यंत बेफाम आणि मग दम्याचा पेशंट.

चोर्ला_थर्डगिअर
हे मान्य. वरचा दम कमीच असतो. पण वेर्ण्याच्या सिग्नलला आणि चोर्ल्याला साडेपाच हजारावर तू रोज किती वेळ असतोस, ते सांग.

सावंतवाडी_स्पॅनर
दोघं भांडा, पण एक लिहून ठेवा. उघडा कोन एअर फिल्टर लावू नका. उसगाव-साखळीकडे खनिजाचे ट्रक चालतात त्या दिवसांत मी कोन फिल्टरवाल्या एका गाडीचं इनटेक पुसलं तर फडकं कुंकवासारखं झालं. ती धूळ कॉम्प्रेसरच्या पात्यांची धार खाते. आणि पावसात तो पाणी ओढतो. मूळचा बॉक्स ठेवा.

म्हापशेकर_आरएस
दोन दिवस वाचतोय सगळं. काल रात्री मी आणि भावाने एक केलं, फोनवर गाडीचा डेटा लावून म्हापसा-वेर्णा-म्हापसा आणि वाटेत मुद्दाम हाणत गेलो. सगळ्या प्रवासात साडेपाच हजाराच्या वर किती वेळ गेलो, तर अकरा सेकंद. अकरा. त्यात भाऊ म्हणाला तीन सेकंद तर तू मुद्दाम केलेस.
तर हायब्रिड घेतोय. बूस्टबाबा, तुझं म्हणणं खोटं नाही, मी रोज चेन्नईला राहून इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जात असतो तर पोटॅटोच घेतला असता. इंटरकूलर समोरचा, पंचाण्णव ऑक्टेनवर मॅप, बूस्ट खाली हळू चढवायचा. उरलेले पैसे पॅड, फ्लुइड आणि होज. मडगावकरीण जिंकली असं समजू नये, ब्रेक मी तसेही करणारच होतो.

मडगाव_लेटब्रेकर
हो हो, करणारच होतास.

बूस्टबाबा_फोंडा
घे बाबा. दीड वर्षाने “हायब्रिड विकणे आहे, कमी वापरलेला” अशी पोस्ट टाकशील तेव्हा पहिला मेसेज माझा असेल.

सावंतवाडी_स्पॅनर
बसवताना ऑइलची रिटर्न लाइन नवी घाल, जुनीत जळलेल्या तेलाचा थर असतो, आणि तेल टर्बोतून खाली नीट उतरलं नाही तर नवा टर्बो पण पहिल्याच आठवड्यात निळा धूर सोडेल. तेल ओढणाऱ्या पिकअपची जाळी पण सम्प (खालची तेलाची टाकी) काढून बघ. स्टार्ट करायच्या आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर फिरव, तेलाचा दिवा विझेपर्यंत. काकींच्या कपड्यांसाठी तरी.