डोमेन जॉइन होत नाही म्हणून मशीन फॉरमॅट करणं थांबवा

सर्व्हर रूममधून
मशीन डोमेनला, म्हणजे ऑफिसची सगळी मशीन आणि खाती एका जागेवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, जोडलं जात नसेल तर लगेच फॉरमॅट मारू नका आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं (डोमेनच्या नोंदवहीतलं) त्या मशीनचं जुनं कॉम्प्युटर अकाउंटही उडवू नका. आधी नेटसेटअप लॉग, म्हणजे जोडताना काय घडलं त्याची नोंद, वाचा. विंडोजच्या डीबग फोल्डरमध्ये असतो, नोटपॅडमध्ये उघडतो. गाडी कुठे अडली ते बहुतेक वेळा शेवटच्या काही ओळींतच दिसतं. फॉरमॅट मारला की तो लॉगही गेला.

गेल्या महिन्यात एका ऑफिसात अकाउंट्सच्या मशीनवर ट्रस्ट रिलेशनशिप, म्हणजे मशीन आणि डोमेनमधला विश्वासाचा दुवा, तुटल्याचा मेसेज आला. लोकल ॲडमिनने लॉगिन करून पॉवरशेलमधून (विंडोजच्या कमांड विंडोतून) सिक्युअर चॅनल, म्हणजे तोच दुवा, रिपेअर करून बघायचा, पाच मिनिटांचं काम. आलेल्या मुलाने सी ड्राइव्ह फॉरमॅट केला आणि त्याच नावाने जोडायला गेला. एरर २७३२. ऑक्टोबर २०२२च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने जुनं अकाउंट पुन्हा वापरणं अवघड केलंय. ते बनवणारा एक, आता जोडणारा दुसरा, आणि बनवणारा डोमेन ॲडमिनही नसेल तर अडवतं. मग कुणीतरी ते अकाउंटच डिलीट करून दिलं. मशीन जोडलं गेलं आणि सगळे खूश झाले.

संध्याकाळी बाईंनी डी ड्राइव्ह उघडला तर ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. ती की त्या डिलीट केलेल्या अकाउंटखालीच साठवलेली होती. डिलीट केलेलं परत देणारा ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा रिसायकल बिन चालू नव्हता. व्हाउचरचे स्कॅन त्या ड्राइव्हवर, आणि बॅकअप मार्चपर्यंतचाच. त्या बाई खुर्चीत नुसत्या बसून होत्या, ते मला अजून दिसतं.

फील्डवर फिरणारा
सर, बिटलॉकरचं झालं ते वाईटच झालं. पण माझा दिवस बघा. पाच कॉल, पाच ठिकाणं, काउंटरवर रांग. डोमेनचे अधिकार माझ्याकडे नाहीत. लॉग वाचून कारण कळलं तरी दुरुस्ती तुमच्या हातात, आणि हेड ऑफिसला फोन लावला तर उचलत नाहीत. एसएसडी असेल तर पाऊण तासात नवीन विंडोज टाकून मशीन देतो. दहा जणांनी हात घातलेल्या मशीनपेक्षा कोरं मशीन कधीही बरं. आणि खरं सांगतो, फॉरमॅटनंतर बहुतेक वेळा जॉइन होतं.

सर्व्हर रूममधून
होतं, पण का होतं ते बघा. नेट स्लो चालतंय म्हणून कुणीतरी डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या जागी) गूगलचा ८.८.८.८ टाकून ठेवलेला असतो. आपल्या आतल्या डोमेनचे एसआरव्ही रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचा सर्व्हर कुठे आहे त्या नोंदी, गूगलच्या डीएनएसला कुठून माहीत असणार? म्हणून डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर, सापडत नाही. फॉरमॅट केल्यावर नेटवर्कचा पत्ता पुन्हा डीएचसीपीकडून (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेकडून) येतो, डीएनएस आपोआप बरोबर होतो आणि श्रेय फॉरमॅटला जातं. एनएसलुकअप कमांडने डीएनएस काय उत्तर देतो ते बघायला एक मिनिट लागतं.

नेटवर्क बघणारी
मला दोघांचंही पटत नाही. दोष मशीनवर शोधताय, तो कितीदा तरी आपल्याच बाजूला असतो. डीएचसीपीमध्ये दुसरा डीएनएस म्हणून राउटरचा पत्ता दिलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिलाय. मग मशीन आज जोडलं जातं, उद्या नाही. तिथे दुसऱ्या डोमेन कंट्रोलरचाच पत्ता हवा. तसंच कोट्याचं. साध्या युजरला मूळ सेटिंगमध्ये दहाच मशीन जोडता येतात. अकराव्याला अडलं की बिचारा मशीनलाच दोष देतो.

आणि घड्याळ बघत चला. डोमेनमध्ये ओळख तपासणाऱ्या केर्बेरॉसला मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. मदरबोर्डवरचा सेल संपला की मशीन चालू करताना तारीख कुठल्या कुठे गेलेली असते. फॉरमॅटने सेल बदलत नाही.

छोटं ऑफिस
बारा मशीनच्या जागी डोमेन हवंच कशाला? वर्कग्रुपमध्ये, म्हणजे प्रत्येक मशीनची खाती त्याच मशीनवर ठेवून, आमचं सुरळीत चाललंय.

नेटवर्क बघणारी
माणूस नोकरी सोडून गेला की वर्कग्रुपमध्ये बाराही मशीनवर जाऊन त्याचं खातं बंद करावं लागतं. डोमेनमध्ये एकदाच. ज्या ऑफिसात लोकांचे पैसे हाताळले जातात तिथे हा फरक मोठा आहे.

फील्डवर फिरणारा
ताईंचं पटलं, डीएनएस आणि घड्याळ आजपासून आधी बघणार. पण सर, मशीनची अकाउंट्स आधीच बनवून ठेवा आणि जोडायचा अधिकार आम्हाला द्या. नुसतं लॉग वाचा म्हणून माझा कॉल बंद होत नाही.

सर्व्हर रूममधून
मागणी रास्त आहे. मार्च २०२३पासून दुसऱ्याने बनवलेलं अकाउंट वापरू देणारी ग्रुप पॉलिसी (डोमेनवरून लागू होणारी सेटिंग) आहे. आमच्या ज्या लोकांनी अकाउंट्स बनवली त्यांचा ग्रुप तिच्यात टाकतो आणि त्या अकाउंट्सवर तुम्हाला अधिकार देतो. हा अडथळा टाळायची जुनी रजिस्ट्रीची (विंडोजच्या आतल्या सेटिंगची) युक्ती मात्र कुणी सांगितली तरी करू नका, ऑगस्ट २०२४च्या अपडेटनंतर ती चालतच नाही. आणि फॉरमॅटआधी प्रत्येक ड्राइव्हवर बिटलॉकर आहे का ते बघायचं. असेल तर की हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

फील्डवर फिरणारा
की घेईन, लॉगचा फोटोही पाठवीन. पण रांग लागलेली असताना फॉरमॅट करायचा की नाही, ते जागेवर मीच ठरवणार.