दगडखाणीचा पट्टा संपत आलाय, खड्ड्याचं पुढे काय? मदत हवी आहे

बांधावरचा

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या माळावर काळ्या दगडाची एक छोटी खाण आहे, दोन हेक्टरच्या आतली. जमीन खासगी, पाच वर्षांचा खाणपट्टा, शेजारीच क्रशर. मुदत येत्या मार्चला संपते. खाणवाल्याने पलीकडच्या तालुक्यात दुसरा गट बघून ठेवलाय, एक पोकलेन गेलंसुद्धा.

आमचा गट खाणीला लागून. खाणीची कड बांधापासून चार-पाच पावलांवर आली आहे आणि कडा सरळ उभा तासलेला. वरची माती आणि मुरूम ओढ्याकडेला लोटून दिलाय, तो दर पावसाळ्यात खालच्या वावरांत उतरतो. कुंपण नाही, आणि गुरं नेमकी त्याच बाजूला चरतात.

तलाठी म्हणतात रॉयल्टी भरलेली आहे, वाहतूक पास महाखनिजवरून (सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवरून) निघतात, अवैध काहीच नाही. तहसीलने खनिकर्म शाखेकडे पाठवलं. ते म्हणाले पर्यावरणाचं प्रदूषण मंडळ बघतं. मंडळ म्हणतं, आमच्या संमतीपत्रात धूळ आणि पाणी एवढंच.

किती ब्रास निघाला हा माझा प्रश्नच नाही. जमीन सावरायची जबाबदारी कोणाची, आणि मार्चच्या आत कोणाला गाठायचं? वडील म्हणतात वाद नको, कारण जमीनमालक भावकीतलेच आहेत.

खडीमुरूम

खाण आराखडे करणाऱ्या कार्यालयात काम करतो, म्हणून लिहितो.

तुम्ही ज्यांना भेटलात ते सगळे दगड मोजणारे. खड्डा मोजायचा कागद वेगळा असतो: पर्यावरण मंजुरी. 2012 च्या दीपक कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजालाही (दगड, मुरूम, वाळू वगैरे) ती लागेल असं सांगितलं. तिच्यासोबत खाण आराखडा असतो, आणि त्यात खाण टप्प्याटप्प्याने बंद कशी करायची हेही नकाशासकट लिहिलेलं असतं. वरची माती वेगळी साठवायची, कुंपण, झाडं, कडेचा उतार, सगळं. हा भाग आमच्या धंद्यात मागच्या फाईलवरून उचलून चिकटवतात, हे कबूल करायला हरकत नाही. पण सही झाली की तो बंधनकारक असतो.

मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीला देणं खाणवाल्यावर बंधनकारक आहे आणि पंचायतीने ती 30 दिवस लावायची असते. म्हणजे दप्तरात मिळायला हवी, ग्रामसेवकांना विचारा. शिवाय अटी पाळल्याचा अहवाल दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. तो माहिती अधिकारात मागा आणि जागेवरच्या फोटोंशी ताडून बघा. माझा अंदाज, त्यात शेकड्यांनी झाडं जगलेली सापडतील.

आणखी एक अट शोधा. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबल्यावर खाणीची आणि तिच्यामुळे बिघडलेली आजूबाजूची जमीन पुन्हा चारा उगवेल अशी करून द्यायला सांगितलं, आणि केंद्राने ते मंजुरीच्या अटींत घालायला लावलं. ओढ्याकडेचा तुमचा मुरूम 'आजूबाजूच्या' जमिनीत मोडतो.

सरळहिशेबी

एवढं कशाला? जमीन महसूल संहितेचं कलम 48(7) आहे की. बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड.

खडीमुरूम

ते अवैध उत्खननाला. पट्ट्याच्या हद्दीबाहेर किंवा परवानगीपेक्षा जास्त काढलं तरच लागेल. ईटीएस मोजणीची (यंत्राने किती दगड काढला ते मोजायची) मागणी जरूर करा, पण दंड झाला तरी तो तिजोरीत जातो, खड्ड्यात एक घमेलं माती पडत नाही.

कड्यासाठी दार वेगळं. खाणींच्या सुरक्षेच्या 1961 च्या नियमांत हद्दीपासून साडेसात मीटर सोडायला सांगितलंय, आणि कडेला पायऱ्या ठेवायच्या असतात. ते डीजीएमएस, म्हणजे केंद्राचं खाण सुरक्षा खातं बघतं. चार-पाच पावलं म्हणजे फार तर साडेतीन मीटर.

माळरानी

दादा, एक उलटी बाजू. आमच्याकडे खाण बुजवू नका असा ठराव ग्रामसभेनेच केला. काळ्या दगडात पाणी फारसं मुरत नाही, पार उन्हाळ्यापर्यंत टिकतं, गुरांना तेवढाच आधार. आराखड्यात शेवटी 'जलसाठा' लिहिलं असेल तर खाणवाला तेच दाखवून मोकळा होईल. मग भांडण बुजवण्यावर नको, कुंपण आणि एका बाजूने उतरायचा सोपा उतार यावर धरा. उभ्या कड्यात पडलेलं जनावर वर येत नाही, पोरगंही नाही.

बांधावरचा

सगळ्यांचे आभार. मंजुरीची प्रत पंचायतीत सापडली, माळरानीताईंचा तर्क खरा निघाला: अर्धा खड्डा जलसाठा, अर्ध्यात साठवलेली माती परत. आता ती माती तर ओढ्यात.

नवीनच कळलं ते हे. जमीनमालक काका म्हणतात, शहरातला राडारोडा फुकट मिळतोय, वर गाडीमागे पैसेही देतात, त्यानेच बुजवू. आमची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

खडीमुरूम

हे मार्चची वाट न बघता थांबवा. राडारोड्याच्या नावाखाली काय काय येतं ते कोणी गाडी उघडून बघत नाही. फुटलेल्या दगडाच्या फटींतून ते विहिरीत जाईल. राडारोडा कुठे टाकायचा याचे 2016 पासून वेगळे नियम आहेत, आणि आराखड्यात भरावाला माती लिहिली असेल तर दुसरं काही चालत नाही.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने करा, प्रत प्रदूषण मंडळाला आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूर कार्यालयाला. मागणी एकच ठेवा: बंद करण्याचा आराखडा पूर्ण झाल्याचा पंचनामा होईपर्यंत खाणवाल्याची अनामत सोडू नये. त्याला मशिन हलवायची घाई आहे, तोवरच तो ऐकेल. नंतर पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात कलम 15 खाली पाच वर्षांपर्यंत जाता येतं, पण तेव्हा माती कुठून आणायची?

आणि काकांचं नाव अर्जात घालू नका. अटी खाणवाल्याच्या आहेत, त्यांच्या नाहीत.

बांधावरचा

हे वडिलांना पटलं. अर्जाचा मसुदा रविवारी इथे टाकतो, चुका काढा. साठवलेली माती किती होती याचा आकडा आराखड्यात नेमका कुठल्या तक्त्यात असतो?