जुनी फ्रेंच टर्बो सांभाळणं: हौस की पैसे पाण्यात?

धागाकर्ता (न्यू जर्सी)
माझ्याकडे १९८७ सालची प्यूजो ५०५ टर्बो आहे. परवा एका घरगुती जेवणात तिघांनी मिळून मला वेड्यात काढलं: "टोयोटा घे आणि सुट." म्हणून इथे बाजू मांडतो. ही गाडी खड्डा गिळते, तो प्रवाशाच्या मणक्यापर्यंत पोचतच नाही. सलग चार तास चालवली तरी पाठ कुरकुरत नाही. पाय दाबला की आधी क्षणभर काहीच होत नाही, मग टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) भरतो आणि मागून कुणी ढकलल्यासारखी सुटते. नव्या गाड्यांत तो क्षण उरलेला नाही. मला तोच हवाय.

नटबोल्ट
हौसेला मोल नसतं म्हणतात, पार्सलला असतं. प्यूजोने १९९१ साली अमेरिकेतला गाशा गुंडाळला. आता एका सीलसाठीसुद्धा फ्रान्स-जर्मनीकडे डोळे लावून बसायचं. मी चार वर्षं एक जुनी फ्रेंच गाडी पाळली (कंपनी दुसरी). सिग्नलला थांबली की बंद पडायची. मेकॅनिकने इग्निशनचं अर्धं सामान बदललं, बिल लावलं, रोग तोच. शेवटी मीच चालू इंजिनाच्या पाइपांवर क्लीनरचा फवारा मारत बसलो. एका ठिकाणी आयडलिंग (उभ्या गाडीतल्या इंजिनाची लय) बदललं: करंगळीएवढ्या व्हॅक्यूम पाइपला चीर, तिथून नको ती हवा आत शिरत होती! पाइप किरकोळ, शोधण्यात गेलेले तीन शनिवार नाहीत.

कल्याणकर
नटबोल्टशी सहमत. आमच्या कल्याणला प्यूजो ३०९ बनायची. १९९४ला सुरू झालं, दशक संपायच्या आत आटोपलं. गाडी चालवायला छानच होती, प्रश्न तो नव्हताच. गाडी चांगली असणं वेगळं, तिच्यामागे कुणी उभं असणं वेगळं.

धागाकर्ता
माझं इंजिन मुळात क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या युरोपीय शाखेचं. लोखंडी ब्लॉक, ८ व्हॉल्व्ह, बिघडायला आहे काय त्यात? आफ्रिकेत ५०५ टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर धावल्यात.

नटबोल्ट
त्या साध्या पेट्रोल-डिझेलच्या होत्या राव! तुमचा टर्बो मिनिटाला लाखभर फेरे मारतो. त्यांचं सर्टिफिकेट याला कसं चालेल?

धागाकर्ता
हा मुद्दा मान्य. म्हणून तेल वेळेआधी बदलतो आणि हायवेवरून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवतो, नाहीतर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथेच जळून कोळसा होतं.

पाटीवाले
एक विचारू? हिस्टॉरिक पाटी (जुन्या गाड्यांची खास नंबरप्लेट) लावली असेल तर रोज ऑफिसला नेता येणार नाही, ती प्रदर्शनापुरती असते. साधी नंबरप्लेट असेल तर माझं काही म्हणणं नाही.

धागाकर्ता
साधीच आहे. रोजची गाडी वेगळी आहे.

बाजूच्या सीटवरून
"रोजची वेगळी" म्हणजे माझी. मी धागाकर्त्याची बायको. ते मिनिट प्रत्यक्षात तीन मिनिटांचं असतं. मागच्या उन्हाळ्यात मांडीवर आईस्क्रीमचा डबा घेऊन घराच्या दारात बसले होते, आणि हा डोळे मिटून इंजिन ऐकत होता. गाडीशी माझं भांडण नाही, सीट खरंच सुंदर आहेत. पण रस्त्यावरच्या मिठाने गंजेल म्हणून हिवाळाभर गराज तिला. माझी गाडी बाहेर, आणि सकाळी साडेसहाला काचेवरचा बर्फ मी खरवडते.

नटबोल्ट
वहिनी, +१.

धागाकर्ता
नवीन खरवडणी आणली आहे. लांब दांड्याची.