दूध समांगी की विषमांगी? एका गुणावरून पेटलेला धागा

खडूचा_डबा
काल रात्री 'दोनचाकी_तर्क' यांनी इथं टाकलेलं वाचलं आणि झोप उडाली. मुलीच्या आठवीच्या चाचणीत 'दूध समांगी की विषमांगी?' (म्हणजे आतून सगळीकडे एकसारखं की नाही?) असा प्रश्न होता. तिनं समांगी लिहिलं, गुण गेला. त्यावर यांचा निकाल : "पेल्यात वरून बघा, खालून बघा, दूध पांढरंच. शिक्षकांकडे डोकं नसतं, उत्तरसूची असते."

मी १९ वर्षं आठवीला विज्ञान शिकवतोय. उत्तरसूची वापरतो, डोकंही अधूनमधून वापरतो. साहेब, डोळ्याला सारखं दिसतं ते समांगी म्हटलं तर धुकंही समांगीच. पेलाभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाका, दिवे घालवा, बाजूनं मोबाईलचा टॉर्च मारा. प्रकाशाची वाट पाण्यात उमटलेली दिसेल. मिठाच्या स्वच्छ पाण्यात तशी दिसत नाही. दुधात चरबीचे थेंब तरंगत असतात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो. बहुतेक थेंब १ ते १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आमच्या शाळेतल्या खटारा सूक्ष्मदर्शकातूनसुद्धा दिसतात. निरसं दूध रात्रभर ठेवलं की हेच थेंब वर गोळा होतात. गुण कापला ते बरोबरच केलं.

दोनचाकी_तर्क
सर, शहरात निरसं दूध कुणाकडे येतं? आमच्याकडे पिशवी येते. पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' छापलंय. होमोजिनस म्हणजेच समांगी ना? का डेअरीवाल्यांनाही शून्य देणार?

खडूचा_डबा
छापील नावावर विश्वास ठेवायचा तर गुलाबजामात जांभळं शोधा. ते यंत्र फ्रान्समधल्या ऑग्युस्त गोलाँचं, १८९९ चं पेटंट. दूध प्रचंड दाबानं बारीक फटीतून दामटायचं, म्हणजे चरबीचे थेंब फुटून साधारण मायक्रॉनच्या खाली येतात आणि लवकर वर येत नाहीत. थेंब बारीक झाले, विरघळले नाहीत. टॉर्च पिशवीच्या दुधावर मारा, तरी चालेल.

सायीची_वाटी
त्याच यंत्रानं सायीचं वाटोळं केलं! आई आठवडाभर साय साठवायची, रविवारी रवी फिरायची, घरभर कढलेल्या तुपाचा वास. आता तापवलं की वर नुसता पापुद्रा येतो. तुमचं समांगी-विषमांगी चालू द्या.

शब्दवेल्हाळ
खरा घोळ सेमी इंग्रजीचा आहे. 'सम' अधिक 'अंग', अर्थ शब्दातच उघडा पडलेला. तरी पोरांकडून होमोजिनस, हेटरोजिनस घोकून घ्यायचं! गेल्या वर्षी पालकसभेत मी हे बोललो तर…

दोनचाकी_तर्क
विषय दूध आहे. पालकसभेचा धागा वेगळा काढा.

गोठ्यावरून
मास्तर, मी बारावी नापास, पण दूध सगळीकडं सारखं नसतं हे आमच्या बिलावरनं कळतं. म्हशीच्या दुधाचा दर फॅटवर. मागं एकदा संध्याकाळची गाडी आलीच नाही. दोन कॅन गार पाण्यात ठेवले, सकाळी केंद्रावर नेले. तिथल्या पोरानं पहिला कॅन न ढवळताच वरचं वरचं टाकीत ओतलं आणि तळाला राहिलेल्यातून नमुना घेतला. फॅट लागलं ५.८. भांडलो. दुसरा कॅन स्वतः प्लंजरनं ढवळून नमुना द्यायला लावला, ७.१! त्याच म्हशी, तीच धार. पहिल्याचं ५.८ कायम ठेवलं ते ठेवलंच.

धारेचंही तसंच. पहिल्या धारा पातळ, शेवटच्या धारांना फॅट जास्त. आणि धारोष्ण दुधात लॅक्टोमीटर टाकला की डिग्री कमी दिसते, मग लगेच "पाणी घातलंय" म्हणून चारचौघांत ओरडायचं.

दोनचाकी_तर्क
पाणी कुणीच घालत नाही असं म्हणायचंय का? मग पाणी येतं कुठून, ढगातून?

गोठ्यावरून
पहाटे चारला शेण काढायला या एकदा, मग बोला. गोठ्यापासून तुमच्या दारापर्यंत किती हात लागतात ते मोजलंय का कधी? का सगळे चोर गोठ्यातच राहतात?

खडूचा_डबा
दादा, शांत व्हा. माझ्या तासाला जे सांगून पटत नाही ते तुमच्या दोन कॅननी दाखवलं. मिठाचं पाणी असतं तर वरचा आणि तळाचा नमुना सारखाच लागला असता.

लॅक्टोमीटर घनता मोजतो, पाणी नव्हे. दुधाची घनता पाण्याच्या १.०३ पटीच्या आसपास, चरबीची ०.९३. मलई काढली की डिग्री चढते, मग पाणी घातलं की उतरते. दोन्ही चोऱ्या बेतानं केल्या तर लॅक्टोमीटर खूश! म्हणून डिग्रीच्या जोडीला फॅट बघतात. गोठणबिंदू मात्र असा फसत नाही. दूध उणे ०.५४ अंशाच्या आसपास गोठतं, कारण त्यात विरघळलेली दुग्धशर्करा आणि क्षार. चरबी विरघळलेलीच नसते, त्यामुळे मलई काढून तो जवळपास हलत नाही. पाणी घातलं की शून्याकडे सरकतो.

परीक्षानळी
सर, मग तुमच्याच बोलण्यात तुम्ही अडकलात. दुग्धशर्करा विरघळलेली, म्हणजे ते द्रावण. केसिन या प्रथिनाचे कण ०.१ ते ०.२ मायक्रॉनचे, न विरघळता पसरलेले, ते कलिल. पाण्यात चरबीचे थेंब, ते पायस. एकाच पेल्यात तिन्ही, आणि मुलीनं उत्तर एका शब्दात द्यायचं? विषमांगी बरोबर, पण प्रश्न आळशी आहे. 'कारण लिहा' का नाही विचारत?

खडूचा_डबा
६२ मुलांची कारणं वाचायला तुम्ही येणार असाल तर विचारतो. (बरं, प्रश्न आळशी आहे. माझ्याही चाचणीत होता. झालं समाधान?)

दोनचाकी_तर्क
आत्ता दिवे घालवून टॉर्च मारला. पिशवीचंच दूध. दिसली रेषा. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही शाळेत जाऊन भांडणार होतात ना?" असो. 'शिक्षकांकडे डोकं नसतं' हे मागे घेतो, उत्तरसूचीचं मागे घेत नाही.

शब्दवेल्हाळ
रेषा नव्हे, शलाका.

गोठ्यावरून
सगळ्यांचं मिटलं. माझ्या १.३ फॅटचं काय?