‘३० पाउंडाची ब्रेड (गळाची विणलेली दोरी) भरा नि मोकळे व्हा’ – हे कुठल्या खडपावर (खडकाळ किनाऱ्यावर) चालतं?

खडपी_रत्नागिरी
काल इथे निळीकाठी यांनी गळाने मासे गरवणाऱ्या नवशिक्यांना सल्ला दिला: “स्पिनिंग रीलवर तंगूस आता विसरा. ३० पाउंडाची आठ पदरी ब्रेड काठोकाठ भरा, तिलाच स्नॅप बांधा, जयगडपासून देवगडपर्यंत काहीही गरवा.” त्यावर सगळे ‘मस्त माहिती’ म्हणून मोकळे. म्हणून लांबण लावतोय. नवख्यांसाठी: तंगूस म्हणजे एकसंध नायलॉनची दोरी, ब्रेड म्हणजे बारीक पदर विणून केलेली, स्नॅप म्हणजे आमिष अडकवायची कडी.

पाउंड (दोरी तुटेपर्यंत किती भार सोसते ते) बघून ब्रेड घेऊ नका, जाडी बघा. पाकिटावरचा पीई हा जाडीचा क्रमांक: पीई १.५ म्हणजे ०.२०५ मिमी, पीई २ म्हणजे ०.२३५, पीई ३ म्हणजे ०.२८५. त्याच पीई २ वर एक पाकीट ३० पाउंड सांगतं, दुसरं ४०. रीलवर किती बसणार, वारा किती धरणार, गाठ काठीच्या रिंगांतून सुटणार की अडकणार, हे सगळं जाडीवर ठरतं.

आता ‘थेट स्नॅप’. ताणलेल्या ब्रेडला कालवाची धार लागली की आवाजसुद्धा होत नाही, काठी एकदम हलकी होते, बस. तंतू केसाहून बारीक. एक पदर गेला की भार उरलेल्यांवर. ०.५० मिमीचा तंगूस तिथून ओरखडा घेऊन परत येतो. तांबोशी किंवा गोबरा बिळाकडेच धावणार, म्हणजे दोरी दगडाला घासणारच. ब्रेडपुढे निदान एक वाव ४०-५० पाउंडाचा लीडर (तंगुसाचा जाड तुकडा) नसेल तर गरी, शिसं, मासा, तिन्ही दर्याला अर्पण.

आणि खडपावर आठ पदरी कशाला? त्याच जाडीत चार पदरीचा एकेक पदर जाड असतो. खरखरीत असते, रिंगांतून गुणगुणते, पण घासणं जास्त सोसते.

निळीकाठी
नवशिक्यांसाठी चार ओळी लिहिल्या होत्या, प्रबंध नव्हे. तंगूस ताणावर २०-२५ टक्के लांबतो, ब्रेड तीन-चार टक्के. चाळीस मीटरवर जिगला (धातूच्या आमिषाला) माशाने नुसतं टोचलं तरी बोटाला कळतं. तंगुसावर गरी रुतवायला निम्मा समुद्र मागे ओढावा लागतो. आणि भाट्याच्या पुळणीवर कालवं कुठली हो? सगळं कोकण म्हणजे तुमचं खडप नव्हे. आठ पदरी गुळगुळीत असते, लांब जाते. काठोकाठ भरल्याशिवाय फेक जात नाही, एवढं तरी मान्य करा.

भांगाचं_पाणी
नाही मान्य. स्पूलच्या, म्हणजे रीलवरच्या दोरीच्या फिरकीच्या, ओठापासून दीड-दोन मिलिमीटर खाली थांबायचं. ब्रेड तंगुसासारखी स्वतःला फुगवून धरत नाही, मऊ असते. ओठाशी आली की एका फेकीत चार वेढे एकदम सुटतात आणि पहिल्या रिंगेत गोळा. मग मंडळी म्हणतात “वाऱ्याची गाठ पडली”. वाऱ्याने गाठ पडत नाही, तुमच्या हाताने पडते. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की हलकी ब्रेड हवेत धनुष्यासारखी वाकते, तशीच ढिली असताना हँडल फिरवून बेल (फेकताना उघडायची रीलची तारेची कमान) पाडलीत की पहिलाच वेढा सैल बसतो. पुढच्या फेकीत तो खालचे पाच-सहा वेढे घेऊनच निघतो. आमिष पाण्यात पडण्याआधी बोटाने स्पूल दाबा, बेल हाताने मिटा, काठी वर उचलून दोरी ताठ करा, मग गुंडाळा.

खाडीकाठ
बेल हाताने मिटायचं हे आता धर्मवाक्य झालंय. हँडलने मिटणारी रील त्यासाठीच बनवलेली असते. खरा दोष भरताना होतो. दुकानात मशीनवर सैल गुंडाळून देतात, वरचे वेढे खालच्यांत रुततात. ओल्या फडक्यातून चिमटीत घट्ट धरून भरा, पंचवीस ग्रॅमचं आमिष लावून दहा फेकी मारा, त्याही ताणावर परत गुंडाळा. सात ग्रॅमच्या आमिषाला पीई २ लावणाऱ्यांना बेल हाताने काय, ब्रह्मदेवाने मिटली तरी गाठ पडणार. तिथे पीई ०.८ ते १ पुरे.

भांगाचं_पाणी
रील मिटते हो, पण सैल दोरी बघून थांबत नाही ना. यंत्राला डोळे नसतात. तुम्हाला आहेत ना?

खाडीकाठ
डोळे आहेत, म्हणूनच रात्री जेटीवर हेडलॅम्प लावून तासतासभर गाठी सोडवणारे दिसतात. आणि त्यांतले निम्मे हाताने बेल मिटणारे.

देवबागचो
तुमचो वाद चलांदे. गाठ पडली काय खेचतास कशाक? खेचलास काय ती बसली. सैल करा, बोथट सुयेन मोठो फास हळूच वर काढा, बरीचशी सुटतत. नाय सुटली तर कापा, पण कापलेली ब्रेड तिवरांत टाकून जाव नुको. ती कुजणा नाय. बगळ्यांच्या पायाक गुंडाळता. एकान तरी वर लिवल्यान काय ह्या? पीई, पाउंड, मिलिमीटर, सगळा लिवलास.

निळीकाठी
बरोबर आहे, पण इथे विषय दोरी निवडण्याचा चाललाय.

देवबागचो
मगे निवडलेली दोरी शेवटाक जाता खय, तो विषय कोणाचो?

खडपी_रत्नागिरी
देवबागकरांचं मान्य. कमी ब्रेड घेतली तर टाकायलाही कमी. तीनशे मीटर काठोकाठ भरायचं कारणच नाही. समजा रीलवर ०.३० मिमीच्या दोरीची २०० मीटर क्षमता लिहिलीय. जाडीचा वर्ग गुणिले लांबी: ०.०९ × २०० = १८. पीई २ दीडशे मीटर घेतली तर ०.०५५ × १५० म्हणजे ८.३. उरले ९.७, त्यात ०.३० चा साधा तंगूस १०८ मीटर बसतो. तो खाली, ब्रेड वर. नुसती ब्रेड गुळगुळीत स्पूलवर बांधली तर अख्खा गुंडा आतल्या आत फिरतो आणि लोक ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) बिघडला म्हणून रील दुकानात नेतात. वर्षाने वरचा भाग पांढुरका, केसाळ झाला की ब्रेड उलटी करा. आतला कोरा भाग वर येतो.

खाडीकाठ
१०८ वगैरे कागदावर. ब्रेड चपटी बसते, ताण किती दिलात त्यावर पाच-दहा मीटरचा फरक पडतो. शंभर मीटरच टाका, कमी पडलं तर चालतं. बाकी गणित बरोबर आहे, नाइलाजाने लिहितोय.

आणखी एक. ३० पाउंड म्हणजे १३.६ किलो, हे वाचून ड्रॅग आवळणारे काठी मोडून घेतात. काठीवर ८-१६ पाउंड छापलं असेल तर हिशेब काठीचा: १६ म्हणजे ७.३ किलो, त्याचा चौथा हिस्सा, साधारण पावणेदोन किलो. दोरी वजनकाट्याला अडकवून मोजा. ब्रेड ताणत नाही, झटका थेट काठीला आणि माशाच्या जबड्याला बसतो. जिताडा तोंड उघडून डोकं झटकतो तेव्हा ड्रॅग घट्ट असेल तर गरी निसटलीच.

भांगाचं_पाणी
लीडर ४०, ब्रेड ३०. दगडात अडकल्यावर तुटणार कुठे? ब्रेड-लीडर जोडणारी एफजी गाठ वीस वेढ्यांची नीट बसली असेल तर ती ब्रेडएवढीच टिकते, मग खाली स्नॅपशी तुटलं तर नशीब, नाहीतर ब्रेड मध्येच तुटून साठ मीटर पाण्यात. खडपावर त्याऐवजी डबल युनी गाठ मारा. ब्रेड त्या गाठीशी कमजोर होते, म्हणून तिथेच तुटते आणि वरची वाचते. आणि सोडवताना ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका, बोट हाडापर्यंत चिरतं. लाकडाच्या तुकड्याला वेढे घ्या, काठी दोरीच्या रेषेत धरा.

निळीकाठी
डबल युनी रिंगांतून खडखडत जाते, फेक मरते, हे आता तुम्हीच सांगणार नाही, मी सांगतो. असो. मूळ पोस्टीत ‘थेट स्नॅप’ खोडून ‘एक वाव लीडर’ केलंय, ‘काठोकाठ’ काढलंय. आठ पदरी तशीच ठेवलीय.

खडपी_रत्नागिरी
आठ पदरीपुढे ‘पुळणीवर’ एवढा एक शब्द घाला, मग आमचं काही म्हणणं नाही.

देवबागचो
आणि तिवरांचा?